‘द सोशल नेटवर्क’ : पडदा बंद झाल्यावर विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या इंजिनिअरिंगच्या आणि कॉमर्सच्या मुलांना आम्ही हा चित्रपट दाखवत आलो आहोत. दिवे लागले की प्रश्न सुरू होतात, ते थेट चहाच्या टपरीपर्यंत चालतात, आणि बहुतेक तेच तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा लिहूनच काढली. चित्रपट अजून पाहिला नसेल तर जरा सांभाळून. इथे गोष्ट सगळी उघड केलेली आहे.

चित्रपट नेमका कशावर आहे?

फेसबुकच्या जन्मावर. २०१० साली आलेला, दोन तासांचा. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर, पटकथा अ‍ॅरन सॉर्किनची, आधार बेन मेझरिकच्या २००९ मधल्या पुस्तकाचा. २००३ मध्ये हार्वर्डच्या होस्टेलवर राहणारा मार्क झुकरबर्ग, त्याला पैसे देणारा मित्र एडुआर्डो सॅव्हरिन, ‘आमची कल्पना चोरली’ म्हणणारे विंकलवॉस हे जुळे भाऊ आणि मध्येच येऊन सगळं हातात घेणारा शॉन पार्कर, एवढी मुख्य मंडळी.

पण कंपनी कशी काढली, हा वरचा थर. आत भागीदारीचं भांडण आहे. सगळी गोष्ट दोन दाव्यांतल्या जबाबांमधून उलगडते : लांब टेबल, दोन्ही बाजूंना वकील, पाण्याचे ग्लास, आणि कालपर्यंत एका खोलीत झोपणारे दोघे एकमेकांकडे न बघता बोलताहेत. मोंढ्यातल्या अडत दुकानाचे किंवा जिनिंगचे भागीदार कोर्टात गेलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे टेबल ओळखीचं वाटतं. कॉम्प्युटरमधलं काही कळत नसणाऱ्या पालकांना हा चित्रपट मुलांपेक्षा जास्त कळतो, हे आम्ही वारंवार पाहिलंय.

मुलांना प्रेरणा मिळावी म्हणून दाखवायचा आहे. चालेल का?

दाखवा, पण ‘प्रेरणादायी चित्रपट’ असा फलक लावू नका. कॉलेज सोडलेला मुलगा अब्जाधीश झाला, एवढंच घेऊन मुलं घरी गेली तर दोन तास वाया गेले. फिंचरनं मार्कला नायक केलेलं नाही. खलनायकही केलेलं नाही, आणि गोंधळ तिथेच होतो. मार्क हुशार आहे, झपाटून काम करतो, लोकांना काय हवंय हे त्याला बरोबर कळतं. आणि समोरच्याला काय वाटेल हे त्याला कळत नाही, किंवा कळूनही फरक पडत नाही. दोन्हीपैकी नक्की कोणतं, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त टाळ्या पडतात त्या एडुआर्डो लॅपटॉप आपटतो तेव्हा. शिट्ट्याही पडतात. त्याच मुलांना नंतर विचारलं, ‘तुम्हाला कोण व्हायचंय?’ तर उत्तर येतं, ‘मार्क.’ टाळ्या एकाला आणि स्वप्न दुसऱ्याचं! चर्चा घ्यायची तर इथून घ्या.

यात खरं किती आणि रचलेलं किती?

सांगाडा खरा आहे. ऑक्टोबर २००३ मधलं ‘फेसमॅश’ खरं. विद्यार्थ्यांचे फोटो न विचारता उचलून, दोघांपैकी कोण जास्त चांगलं दिसतं यावर मत मागणारी ती साइट मार्कनंच बनवली होती आणि त्यावरून विद्यापीठानं त्याची चौकशीही केली. ४ फेब्रुवारी २००४ ला ‘द फेसबुक’ सुरू झालं, हे खरं. दोन्ही दावे झाले, दोन्ही तडजोडीनं मिटले.

पहिल्याच प्रसंगात मार्कला सोडून जाणारी एरिका मात्र काल्पनिक आहे. मुलीनं नाकारलं म्हणून रागानं साइट काढली, मोठ्या घरच्या मुलांच्या क्लबात शिरायला मिळालं नाही म्हणून फेसबुक काढलं, ही कारणं पटकथेची. प्रत्यक्षात मार्क २००३ पासून प्रिसिला चॅनला ओळखत होता. मे २०१२ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचं लग्न झालं. ती चित्रपटात कुठेच नाही.

चित्रपटाला मार्कनं काही मदत केली नाही. मूळ पुस्तकाच्या लेखकाला सुरुवातीला माहिती देणारा होता एडुआर्डो. म्हणजे भावकीच्या वादात एकाच घरी जेवून लिहिलेला वृत्तांत म्हणा. सॉर्किननं पटकथेत हा कल बराच सावरलाय, जबाब देणारा प्रत्येकजण आपापली बाजू सांगतो अशी रचना करून. तरी सहानुभूती कुठे झुकते ते लपत नाही.

सुरुवातीची पाच मिनिटं काहीच कळत नाही. आमचंच इंग्रजी कच्चं आहे का?

नाही हो. अमेरिकेतल्या प्रेक्षकालाही तिथे धाप लागते. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा हिशेब असतो. ही पटकथा १६२ पानांची, चित्रपट १२० मिनिटांचा. उरलेली पानं कुठे गेली? कुठेच नाही, नटांनी ती वेगानं बोलून संपवली. पहिला प्रसंग मनासारखा व्हावा म्हणून फिंचरनं त्याचे ९९ टेक घेतले.

सबटायटल लावा, लाज बाळगू नका. आणि पहिल्यांदा शब्दांमागे धावूच नका. बारमधल्या त्या टेबलावर मार्क एका वेळी दोन विषय बोलतोय. एरिका पहिल्याचं उत्तर देते तोवर तो दुसऱ्यावर गेलेला असतो, आणि ती दुसऱ्यावर येते तेव्हा तो परत पहिल्यावर. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे थांबतं तेवढं बघा. पुढे एडुआर्डोच्या बाबतीत जे होणार आहे, ते इथे पाच मिनिटांत होऊन गेलेलं असतं.

होस्टेलच्या खिडकीवर लिहितात ते सूत्र खरं आहे का?

खरं आहे. बुद्धिबळातल्या मानांकनाचं एलो सूत्र आहे ते, आर्पाद एलो या प्राध्यापकाच्या नावाचं. समोरच्याच्या गुणांतून आपले गुण वजा करून फरक घ्यायचा, त्याला ४०० नं भागायचं, १० चा तेवढा घात काढायचा, त्यात १ मिळवायचा आणि १ ला त्या बेरजेनं भागायचं. समजा एकाचे गुण १२०० आणि दुसऱ्याचे १४००. फरक २००, म्हणजे घात अर्धा. १० चं वर्गमूळ सुमारे ३.१६, त्यात १ मिळवून ४.१६. उत्तर आलं ०.२४. म्हणजे १२०० वाल्याकडून शंभर डावांत २४ गुणांची अपेक्षा. त्यापेक्षा चांगला खेळला तर त्याचं मानांकन चढतं. फेसमॅशमध्ये खेळाडूंच्या जागी मुलींचे फोटो, एवढाच फरक. गणिताला त्याचं काही वाटत नाही, हेच त्या प्रसंगातलं भयाण.

आणि एक लक्षात ठेवा : खिडकीवर ते सूत्र लिहून देतो तो एडुआर्डो. पहिला माल त्याच्याच हातून आलेला आहे.

एडुआर्डोचे शेअर एकदम इतके कमी कसे झाले? तो प्रसंग आम्हाला कळलाच नाही.

हा प्रश्न दर वेळी येतो, आणि यावरच थोडं थांबायला हवं.

सुरुवातीला तोंडी ठरलेलं असतं : ७० टक्के मार्कचे, ३० टक्के एडुआर्डोचे. पैसा एडुआर्डोचा. आधी १,००० डॉलर, मग चित्रपटातल्या आकड्याप्रमाणे आणखी १८,०००. पुढे मार्क कॅलिफोर्नियाला जातो, एडुआर्डो न्यूयॉर्कमध्ये जाहिरातदारांच्या दारात फिरतो. तिकडे शॉन पार्कर घरात येऊन राहतो. एडुआर्डो चिडून बँकेचं खातं गोठवतो. ही चूक मोठी होती, आणि चित्रपट ती झाकत नाही. मग पीटर थिएल पाच लाख डॉलर गुंतवतो, नवी कंपनी होते, एडुआर्डोला बोलावून घेतात, हसतखेळत कागद पुढे करतात. नव्या कागदांत त्याचा वाटा ३४ टक्क्यांच्या वर दाखवलाय. तो खूश होतो आणि सही करतो. समोरचे वकील कंपनीचे असतात. त्याला वाटतं, आपलेच आहेत.

त्या कागदांत पुढे आणखी शेअर काढायची वाट मोकळी ठेवलेली असते. आता हिशेब बघा. कंपनीचे एकूण १०० शेअर, तुमचे ३०. कंपनीनं नवे ९०० शेअर काढले आणि ते बाकीच्यांना दिले. तुमचे ३० शेअर कुणी काढून घेतले नाहीत, ते तुमच्या कपाटात तसेच आहेत. पण आता ते १,००० पैकी ३०, म्हणजे ३ टक्के. भाकरी थोरली थापली, तुमचा तुकडा तेवढाच राहिला. सगळ्यांचाच तुकडा तसा राहिला असता तर तक्रार नव्हती, कारण गुंतवणूकदार आला की प्रत्येकाचा टक्का थोडा उतरतोच.

म्हणून जबाबाच्या टेबलावरचा तो भाग पुन्हा लावून बघा. एडुआर्डोची वकीलबाई त्याला एकेकाचं नाव घेऊन विचारते (मॉस्कोविट्झ म्हणजे फेसबुकचा आणखी एक सहसंस्थापक) : मार्कचा वाटा किती कमी झाला? झाला नाही. मॉस्कोविट्झचा? नाही. पार्करचा? नाही. थिएलचा? नाही. आणि तुमचा? ०.०३ टक्क्यांवर आला. ती आवाज चढवत नाही, तोही नाही. चित्रपटातली सगळ्यात मोठी हाणामारी हीच, लॅपटॉपचा प्रसंग त्याच्यापुढे काहीच नाही.

प्रत्यक्षात त्याचा वाटा एवढा खाली गेला नव्हता, दहा टक्क्यांच्या आत आला होता. तडजोडीनंतर त्याचं नाव संस्थापकांत परत लागलं. पुढे त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं, आज तो सिंगापूरला असतो आणि अब्जाधीश आहे. तेव्हा त्याच्यासाठी फार डोळे पुसू नका.

आपल्याकडे असं होऊ शकतं का?

दोन मित्रांनी नुसती भागीदारी केली असेल आणि वाटणीचं काही लिहिलं नसेल, तर १९३२ चा भागीदारी कायदा नफा-तोटा समान धरतो. पैसा कुणी जास्त घातला, रात्री कोण जागलं, हे मग सांगत बसावं लागतं. ‘आपण काय परके आहोत का, कागद कशाला’ हे वाक्य आपल्याकडे प्रेमानं म्हणतात आणि भांडण लागलं की तेच वाक्य वकील उलटतपासणीत वाचून दाखवतो.

खासगी कंपनी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याचं ६२ वं कलम बघा. नवे शेअर आधी जुन्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करायचे. त्यांना वगळून दुसऱ्या कुणाला द्यायचे तर विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधाच्या किमान तिप्पट हवीत. याचा अर्थ चौथ्या हिश्श्याहून जास्त मतं हातात असलेला माणूस तो ठराव पाडू शकतो. एडुआर्डो जालन्याचा असता आणि ३४ टक्के धरून बसला असता, तर सभेला हजर राहून विरोधात मत देणं एवढंच काम होतं. पण नोटीस आली ती वाचायला हवी आणि आधी सही करून दिलेल्या करारात काय मान्य केलंय तेही वाचायला हवं. त्यानं नेमकं तेच केलं नव्हतं. तुमच्या स्वतःच्या कंपनीसाठी सीए किंवा कंपनी सेक्रेटरीकडे जा, चित्रपटाच्या पानावर विसंबू नका.

जुळ्या भावांची कल्पना मार्कनं चोरली का?

त्यांनी त्याला कामाला बोलावलं होतं, तो ‘करतो, करतो’ म्हणत राहिला आणि दरम्यान स्वतःची साइट काढली. वागणूक वाईट, यावर वाद नाही. चोरी म्हणायची का, यावर आहे. चित्रपटात मार्कचं उत्तर साधारण असं : तुम्ही फेसबुक शोधून काढणारे असता तर तुम्हीच काढलं असतं.

आपल्या सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केलंय की नुसत्या कल्पनेवर, विषयावर कॉपीराइट नसतो. ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो. तो वाद एका नाटकावरून चित्रपट काढल्याचा होता. ‘माझ्या डोक्यात आधीच अ‍ॅपची आयडिया होती’ म्हणणाऱ्या प्रत्येक होस्टेलवाल्यानं हा निकाल माहीत करून घ्यावा. मात्र लेखी करार असेल, गुप्ततेची अट असेल, तर मामला वेगळा होतो.

जुळ्यांना २००८ मध्ये ६.५ कोटी डॉलरची तडजोड मिळाली, त्यात बराच भाग शेअरचा. नंतर ती कमी वाटली म्हणून ते परत कोर्टात गेले, २०११ मध्ये अपिलात हरले. दरम्यान दोघं २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये नौकानयनात सहावे आले. ही माणसं हरतानासुद्धा वरच्या वर्गातच हरतात.

ते दोघे नट खरंच जुळे आहेत?

नाहीत. आर्मी हॅमर एकटाच. दुसऱ्या भावाचं शरीर जॉश पेन्स या नटाचं आणि त्यावर हॅमरचा चेहरा संगणकानं बसवलेला. सांगितल्याशिवाय कळत नाही, सांगितल्यावरही कळत नाही.

दिव्य नरेंद्र भारतीय आहे का?

भारतीय वंशाचा, अमेरिकेत वाढलेला, जुळ्यांचा भागीदार. भूमिका केलीय मॅक्स मिंघेला या नटानं, आणि तो भारतीय नाही. आमच्या मुलांना हे दर वेळी खटकतं. बरोबरच आहे त्यांचं.

मुलींना या चित्रपटात काही कामच का नाही?

आमच्याकडे हा प्रश्न मागच्या रांगेतून येतो आणि पुढच्या रांगेतली मुलं मान वळवून बघतात. प्रश्न रास्त आहे. एरिका आहे, शेवटी बोलणारी तरुण वकील आहे. दोघी हुशार, दोघींना मोजके प्रसंग. बाकी मुली पार्टीत नाचतात, सोफ्यावर बसतात, नाहीतर एडुआर्डोच्या मैत्रिणीसारखं भेट दिलेला स्कार्फ पेटवतात. त्या मुलांचं जगच मुलींना तसं बघणारं होतं, म्हणून चित्रपट तसा, असा बचाव करतात. फेसमॅशच्या रात्रीपुरता तो पटतो, कारण तिथे कॅमेरा एका मुलीच्या चेहऱ्यावर थांबतो, स्वतःचा फोटो पडद्यावर बघणाऱ्या. पुढे मात्र त्या जगावर टीका करता करता पटकथा त्यातच रमते. काम करणारी, कोड लिहिणारी एकही मुलगी दिसत नाही. आमच्या प्रेक्षकांत कॉम्प्युटर शाखेच्या मुली भरपूर असतात, त्यामुळे ते जास्तच बोचतं.

शूटिंग हार्वर्डमध्येच झालं का?

हार्वर्डनं आवारात चित्रीकरण करू दिलं नाही. कॉलेजचे बरेच प्रसंग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घेतलेत.

किती ऑस्कर मिळाले?

आठ नामांकनं, तीन पुरस्कार : रूपांतरित पटकथा, संकलन आणि संगीत. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्या वर्षी ‘द किंग्ज स्पीच’ला गेला. आमच्या मते तो निर्णय चुकला, पण त्यावर भांडायला वेगळी संध्याकाळ लागेल. संगीत ट्रेंट रेझ्नर आणि अ‍ॅटिकस रॉसचं आहे. मार्क एकटा रात्री होस्टेलकडे चालत जातो तेव्हा पियानोचे थोडेच सूर आणि खाली एक घरघर चालू असते. ती घरघर ऐकायला बरे स्पीकर लागतात. लॅपटॉपच्या आवाजावर दाखवू नका.

झुकरबर्गला चित्रपट आवडला का?

कपडे बरोबर आहेत, म्हणाला. त्याच्याकडे असलेलेच शर्ट आणि जॅकेटं त्यांनी शोधून काढली होती. बाकी, काहीतरी बनवायला आवडतं म्हणूनच कुणी बनवतं, हे या चित्रपटवाल्यांच्या डोक्यात शिरत नाही, अशी त्याची तक्रार होती. तक्रारीत तथ्य आहे. रात्र रात्र कोड लिहिणं पडद्यावर दाखवणं अवघड, प्रेमभंग दाखवणं सोपं.

मराठवाड्यातल्या एखाद्या कंपनीवर असा चित्रपट होईल का?

मसाला आहे. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको काढली आणि संकरित बियाणं शेतकऱ्याच्या दारात नेलं. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणं हे तंत्रज्ञानच आहे, फक्त त्याला स्क्रीन नसतो. दुसरीकडे पैठण रस्त्यावरच्या चितेगावात धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉननं टीव्ही बनवले, ते देशभर घराघरांत गेले, आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. उभं राहणं आणि कोसळणं, दोन्ही इथे आहे.

अडचण वेगळी आहे. आपल्याकडे उद्योजकावर लिहायचं म्हटलं की गौरवग्रंथ होतो. ‘कष्टातून उभं केलेलं साम्राज्य’, हारतुरे, मंत्र्यांबरोबरचे फोटो. भागीदार का फुटला, भावानं का बोलणं सोडलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी लिहीत नाही. सॉर्किनला कोर्टाचे कागद मिळाले, आपल्याकडेही जिल्हा न्यायालयांत ते ढिगानं पडलेत. वाचणारा पटकथाकार हवा.

कॉलेजात दाखवायला परवानगी लागते का?

कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात शिक्षणसंस्थेला सवलत आहे : संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून, आणि प्रेक्षक फक्त शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक असतील तर. मंगल कार्यालय घेऊन, तिकीट लावून, गावाला आमंत्रण द्यायचं असेल तर हक्कधारकाची परवानगी घ्या. शाळेत दाखवणार असाल तर अकरावीच्या खाली नको. शिव्या, दारू आणि नशेच्या पार्ट्या आहेत.

पुढचा भाग आहे का?

सॉर्किननं ‘द सोशल रेकनिंग’ लिहिलाय आणि यावेळी दिग्दर्शनही त्याचंच. मार्कच्या भूमिकेत जेसी आयझेनबर्गऐवजी जेरेमी स्ट्राँग. विषय फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ मध्ये कंपनीतली कागदपत्रं बाहेर आणली त्याचा. म्हणजे पुन्हा कागदच.

मध्यंतर कुठे घ्यावं?

मूळ चित्रपटात नाही, पण आपल्या लोकांना चहा लागतो. न्यूयॉर्कच्या हॉटेलात शॉन पार्करची पहिली भेट होते, जाता जाता तो नावातलं ‘द’ काढून टाका म्हणतो, तिथे थांबवा. मार्क भारावलेला, एडुआर्डो वैतागलेला, आणि हॉलमध्ये दोन तट पडलेले असतात. दहा मिनिटांत परत सुरू करा, नाहीतर अर्धी मुलं टपरीवरून येतच नाहीत.